वादळाला पोसणारा आणि आवरणारा समुद्र

इतिहास शिकविणाऱ्याने समुद्रावर लेखणी चालवावी, याचे काही वाचकांना नवल वाटेल. त्यामागे वर्गातला एक प्रश्न आहे. भारतीय हवामान खात्याच्या स्थापनेविषयी मी एकदा आपल्या शाळेत बोलत होतो. ऑक्टोबर १८६४ मध्ये कलकत्त्यावर आलेल्या चक्रीवादळात हजारो माणसे बुडाली, पुढे १८६६ आणि १८७१ मध्ये पावसाने दगा दिला, आणि या आपत्तींतून धडा घेऊन १८७५ मध्ये हे खाते उभे राहिले, एवढे सांगून झाले होते. तेवढ्यात सिंधुदुर्गातून आलेला, वसतिगृहात राहणारा एक विद्यार्थी उभा राहिला. "सर, दिवाळीत क्यार वादळ झालं, ते आमच्याकडे आलंच नाही. ते पार अरबस्तानाकडे गेलं. मग समुद्र आमच्या वाडीत कसा शिरला?"

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. "बघून सांगतो," एवढेच म्हणालो. नंतर जमेल तसे वाचत गेलो आणि ध्यानात आले की, या मुलाने वादळाच्या अभ्यासातील मर्मावरच बोट ठेवले होते. वारा वरून येतो आणि समुद्र निमूटपणे मार खातो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात समुद्रच वादळाला पोसतो, समुद्रच पुष्कळदा त्याला आवरतो आणि माणसांचे प्राण घेणारे पाणीही वादळ समुद्राकडूनच घेते. हा सारा व्यवहार कसा चालतो, ते स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे मांडत आहे.

वादळाचे अन्न

'सायक्लोन' हा शब्द आपल्याच देशात घडला. कलकत्त्यात सागरी न्यायालयाचे काम पाहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ मध्ये खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात तो प्रथम योजला. सापाचे वेटोळे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी तो तयार केला. जहाजांच्या नोंदवह्या तपासून त्यांनी वादळातील वाऱ्याची वर्तुळाकार गती ताडली होती. या वेटोळ्याला बळ कोठून मिळते, हे मात्र पुढच्या काळात उलगडले.

उन्हाळ्यात आपण माठातले पाणी पितो. माठाच्या अंगातून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते उष्णता घेऊन जाते, म्हणून आतले पाणी गार राहते. समुद्रावर हेच अफाट प्रमाणात घडते. वाफेने समुद्रातून उचललेली उष्णता नाहीशी होत नाही. उंच गेल्यावर वाफेचे पुन्हा पाण्याचे थेंब होतात, तेव्हा ती बाहेर पडते आणि भोवतीची हवा तापवते. तापलेली हवा आणखी वर चढते, खालचा दाब आणखी उतरतो आणि चहूकडून ओलसर वारे त्या जागेकडे धावतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते सरळ केंद्रात न शिरता वळतात; उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने घुमू लागतात. विषुववृत्ताच्या अगदी जवळ हा वळविणारा परिणाम क्षीण असतो, म्हणून तेथे चक्रीवादळे सहसा जन्मत नाहीत.

यासाठी समुद्राचा पृष्ठभाग साधारण २६.५ अंश सेल्सिअसहून उबदार असावा लागतो, आणि ती ऊब पृष्ठभागाखाली काही दशक मीटर तरी पोचलेली असावी लागते. ही खोलीची अट लक्षात ठेवावी. पुढे तीच निर्णायक ठरते. वादळ जमिनीवर आले की वाफेचा पुरवठा तुटतो आणि चुलीतले सरपण ओढून घ्यावे तसे ते विझू लागते.

लाट वादळाच्या आधी पोचते

ज्वारीच्या उभ्या पिकावरून वारा गेला की शेतभर लाटा धावताना दिसतात. एकही ताट मात्र आपली जागा सोडत नाही. खोल समुद्रातील लाटांचे असेच असते. पाण्याचा कण जागच्या जागी वर्तुळात फिरतो, पुढे सरकते ती लाटेची शक्ती. लाट किती मोठी होईल हे तीन गोष्टींवर ठरते: वारा किती जोराचा आहे, तो किती वेळ वाहतो आहे आणि किती लांबीच्या पाण्यावरून वाहतो आहे.

चक्रीवादळ स्वतःही चालत असते. ते ज्या दिशेला चालले आहे तिकडे तोंड करून उभे राहिलो, तर उत्तर गोलार्धात आपल्या उजव्या हाताला वाऱ्याची दिशा आणि वादळाच्या चालीची दिशा एकच असते. त्या बाजूच्या लाटा वादळाबरोबरच पुढे जातात आणि वारा त्यांना दीर्घकाळ हाकत राहतो, म्हणून सर्वांत उंच लाटा तेथे उठतात. या उंचीची कल्पना यावी म्हणून दूरचे एक उदाहरण सांगतो. सप्टेंबर २००४ मध्ये मेक्सिकोच्या आखातातून आयव्हन नावाचे वादळ गेले, तेव्हा समुद्रतळावर आधीच ठेवलेल्या उपकरणांनी २७.७ मीटर उंचीची लाट नोंदवली. आठ-नऊ मजली इमारतीएवढी ही उंची झाली.

लाटाही वाऱ्यावर परिणाम करतात. खवळलेला पृष्ठभाग वाऱ्याला अडवतो आणि त्याचा वेग कमी करू पाहतो. पण वारा अतिशय वाढला की लाटांचे माथे तुटतात, समुद्र फेसाने पांढरा होतो, हवेत तुषारांचा थर उठतो आणि हा अडसर वाऱ्याच्या वेगाच्या प्रमाणात वाढेनासा होतो. म्हणजे जेव्हा वाऱ्याला रोखण्याची सर्वाधिक गरज असते, तेव्हाच समुद्राची पकड सैल पडते.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. वादळात लहान-मोठ्या सर्व प्रकारच्या लाटा उठतात. लहान लाटा लवकर विरतात, लांब लाटा मात्र फारशी शक्ती न गमावता शेकडो किलोमीटर जातात. एका माथ्यामागून दुसरा माथा यायला १५ सेकंद लागत असतील, तर खोल पाण्यात त्या लाटेची लांबी सुमारे ३५० मीटर भरते आणि तिची शक्ती ताशी सुमारे ४२ किलोमीटर वेगाने पुढे जाते. एका दिवसात ती हजार किलोमीटर गाठते. वादळ स्वतः मात्र पुष्कळदा ताशी १० ते २० किलोमीटरच सरकते. म्हणून वादळ मागे राहते, वाट बदलते किंवा भलतीकडे जाते, आणि त्याच्या लाटा निरभ्र आकाशाखाली किनाऱ्यावर येऊन थडकतात. उथळ पाण्यात तळ लागला की लाटेची चाल मंदावते, लांबी आखडते आणि उंची वाढते.

क्यारचे असेच झाले. ऑक्टोबर २०१९ च्या शेवटच्या आठवड्यात ते कोकण किनाऱ्यापासून काही शे किलोमीटरवर वाढले, २७ तारखेला महाचक्रीवादळाच्या श्रेणीला पोचले आणि पश्चिमेकडे निघून गेले. २००७ च्या गोनूनंतर अरबी समुद्रात एवढे प्रबळ वादळ प्रथमच झाले होते. त्याच्या लाटा मात्र कोकणाकडे आल्या. शिवाय दिवाळी म्हणजे अमावास्या, आणि अमावास्येला भरती मोठी असते. भरतीच्या चढलेल्या पाण्यावर स्वार होऊन लाटा आल्या आणि एरवी पुळणीवर थांबणारे पाणी वाडीत शिरले. मुलाचे निरीक्षण अचूक होते: वादळ आले नव्हते, त्याच्या लाटा तेवढ्या आल्या होत्या.

ढवळलेल्या समुद्राचा लगाम

वादळ समुद्राच्या पृष्ठभागाशीच थांबत नाही. जोराचा वारा वरच्या पाण्याला ओढतो आणि प्रवाह निर्माण होतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे हे पाणी उत्तर गोलार्धात वाऱ्याच्या उजवीकडे लोटले जाते. वारा वर्तुळात घुमत असल्याने सगळीकडचे पाणी केंद्रापासून बाहेर सरकते आणि ती जागा भरून काढण्यासाठी खालचे गार पाणी वर येते. दुसरीकडे, वेगाने धावणारे वरचे पाणी आणि खालचे स्थिर पाणी एकमेकांवर घासतात. ताकाच्या डेऱ्यात रवी फिरवावी तसा समुद्र ढवळला जातो आणि गार पाणी उबदार पाण्यात मिसळते.

हे प्रवाह वादळ गेल्यावरही लगेच थांबत नाहीत. वाऱ्याने एकदा गती दिलेले पाणी कित्येक दिवस उजवीकडे वळत, वर्तुळे काढत राहते. मुंबईच्या दक्षिणेकडील अक्षांशावर, म्हणजे १५ अंशांपाशी, असे एक वर्तुळ पुरे व्हायला सुमारे ४६ तास लागतात. वादळाच्या उजव्या बाजूला वाऱ्याची दिशाही याच क्रमाने फिरते. झोक्याला योग्य वेळी धक्का द्यावा तसे तेथील प्रवाह जोर धरतात आणि ढवळण त्या बाजूला अधिक होते. म्हणून वादळाच्या वाटेवर, विशेषतः उजवीकडे, गार पाण्याचा पट्टा उमटतो. तेथील तापमान एक-दोन अंशांनी, कधी कधी पाच-सहा अंशांनीही उतरते. उपग्रहांना तो पट्टा पुढे कित्येक दिवस दिसत राहतो.

हाच वादळाचा लगाम आहे. ज्या उबेवर ते जगते, तीच ते स्वतःच्या पायांखाली नाहीशी करते. एका जागी रेंगाळणारे वादळ आपलेच अन्न अधिक गार करून दुबळे होते. झपाट्याने पुढे जाणाऱ्याला ताजे उबदार पाणी मिळत राहते.

पण उबदार थरच फार खोल असेल तर कितीही ढवळले तरी वर उबदारच पाणी येते आणि लगाम तुटतो. मे २००८ मध्ये म्यानमारवर गेलेल्या नर्गिस वादळाच्या वाटेवर नेहमीपेक्षा जाड उबदार थर होता. त्यावरून जाताना ते अल्पावधीत प्रबळ झाले. इरावतीच्या सखल त्रिभुज प्रदेशात मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे १ लाख ३८ हजार माणसे गेली. समुद्राचा पृष्ठभाग किती उबदार आहे हे उपग्रह सांगतात, पण ती ऊब किती खोल आहे हे कळल्यावाचून वादळाचे बळ सांगता येत नाही. म्हणून आज जगभरच्या समुद्रांत स्वयंचलित तरंगती उपकरणे सोडलेली आहेत. ती ठरावीक दिवसांनी खोल बुडी मारून पाण्याचे तापमान आणि क्षारता मोजत वर येतात आणि उपग्रहामार्फत माहिती धाडतात.

गोड्या पाण्याचे झाकण

बंगालच्या उपसागराची आणखी एक खासियत आहे. एक साधा प्रयोग करून पाहावा. पेल्यात मिठाचे पाणी घ्यावे आणि त्यावर चमच्याच्या आधाराने रंगीत गोडे पाणी हलकेच सोडावे. गोडे पाणी हलके असल्यामुळे वर तरंगत राहते आणि चटकन मिसळत नाही. पावसाळ्यात गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी अशा नद्या या उपसागरात प्रचंड पाणी ओततात आणि पाऊसही त्यावर कोसळतो. पावसाळ्यानंतर, विशेषतः उत्तर भागात, कमी खारट पाण्याचे जणू झाकणच पडते. वादळाला हे झाकण फोडून खालचे गार पाणी वर काढणे अवघड जाते. काही ठिकाणी तर झाकणाखालचे पाणी वरच्यापेक्षाही उबदार असते. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांतील वादळे या उपसागराला दोन-तीन अंशांनी गार करताना आढळतात, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील वादळांमागे असा गारवा फारसा दिसत नाही.

१८६४ चे कलकत्त्याचे वादळ, १८७६ चे बाकरगंजचे, १९७० चे भोला आणि १९९९ चे ओडिशाचे, ही सर्व ऑक्टोबर-नोव्हेंबरमधलीच. वादळाचे बळ एकट्या गोड्या पाण्यावर ठरत नाही, वरच्या हवेतील वाऱ्यांचाही त्यात वाटा असतो. तरीही या मोसमात समुद्राचा लगाम ढिला असतो, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

प्राण घेते ते पाणी

चक्रीवादळातील सर्वांत मोठी मनुष्यहानी इतिहासात वाऱ्याने झालेली नाही, ती पाण्याने झाली आहे. वादळाच्या केंद्रात हवेचा दाब कमी असतो, म्हणून तेथे समुद्र किंचित फुगतो. दाब एक मिलिबार उतरला की पाणी साधारण एक सेंटीमीटर चढते. अतिप्रबळ वादळातही हा फुगवटा मीटरभरच भरतो. खरे काम वारा करतो. खोल समुद्रात वाऱ्याने लोटलेल्या पाण्याला खालून परतायला वाट असते. उथळ किनाऱ्यावर ती वाट नसते. पाणी साचत जाते आणि जमिनीवर चढते. यालाच वादळी उधाण म्हणतात. त्यावर फुटणाऱ्या लाटा आणखी पाणी लोटतात, आणि वेळ भरतीची असेल तर तिचीही भर पडते.

बंगालच्या उपसागराचे उत्तर टोक नरसाळ्यासारखे निमुळते आणि उथळ आहे. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री, भरतीच्या वेळी, भोला वादळ तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानवर आले. ३ ते ५ लाख माणसे एका रात्रीत गेली. नद्यांच्या मुखाशी गाळाने नव्याने तयार झालेल्या सखल चरांवर जी कुटुंबे राहत होती, त्यांपैकी बहुतेकांना दुसरीकडे जमीनच नव्हती. ज्याचे घर सर्वांत खालच्या जागी, तो सर्वांत आधी बुडाला. राज्यकर्त्यांनी मदतीत केलेल्या हेळसांडीचा संताप पुढच्याच महिन्यातील निवडणुकीत उमटला आणि वर्षभरात बांगलादेश जन्माला आला.

धोका माहीत नव्हता असेही म्हणता येत नाही. पिडिंग्टन यांनी १८५३ मध्येच गव्हर्नर जनरलना पत्राद्वारे बजावले होते की, मातला नदीवर बंदर वसवू नये, वादळी उधाण ते बुडवील. तरीही तेथे कॅनिंग बंदर उभे राहिले. पिडिंग्टन १८५८ मध्ये वारले, आणि १८६७ च्या वादळाने ते बंदर उद्ध्वस्त केले.

आपल्या कोकणाला हा उजव्या-डाव्या बाजूचा नियम ३ जून २०२० रोजी प्रत्यक्ष पाहायला मिळाला. निसर्ग चक्रीवादळ ईशान्येकडे सरकत अलिबागच्या दक्षिणेस, श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात जमिनीवर आले. केंद्राच्या दक्षिणेकडे वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहत होते. रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर तर वाऱ्या-लाटांनी एक मोठे जहाज आणून टाकले. मुंबई केंद्राच्या डावीकडे राहिली आणि मोठ्या उधाणापासून वाचली. रायगडमधील नारळी-पोफळीच्या बागा मात्र आडव्या झाल्या. पन्नास-शंभर किलोमीटरच्या फरकाने कोणाचे नशीब कसे पालटते, ते तेथील बागायतदारांना विचारावे.

आकडे काय सांगतात

१९७० मध्ये ३ ते ५ लाख. एप्रिल १९९१ च्या वादळात बांगलादेशात सुमारे १ लाख ३८ हजार. नोव्हेंबर २००७ च्या सिद्र वादळात सुमारे साडेतीन हजार. ओडिशात १९९९ मध्ये सुमारे १० हजार. ऑक्टोबर २०१३ च्या फायलिन वादळात काही डझन. समुद्र तोच होता आणि वादळेही प्रबळच होती. मधल्या काळात बांगलादेशात १९७२ पासून स्वयंसेवकांची फळी उभी राहिली आणि उंच जागी पक्के निवारे बांधले गेले. फायलिनपूर्वी तर सुमारे १० लाख लोकांना आधीच हलविण्यात आले. १९९१ मध्ये इशारा मिळूनही निवारे अपुरे पडले. दगावलेल्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून कितीतरी अधिक होते. घर, लहान मुले आणि रीतिरिवाज यांत अडकलेल्या बायकांना निवाऱ्यापर्यंत पोचताच आले नाही. विज्ञानाने दिलेला इशारा घरातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचला, तरच त्याचा उपयोग होतो.

समुद्रावर पोट असलेल्यांचे दुःख अजून पुरते सरलेले नाही. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी वादळ कन्याकुमारीजवळ झपाट्याने वाढले, तेव्हा तमिळनाडू व केरळचे अनेक मच्छीमार आधीच खोल समुद्रात गेलेले होते. शेकडो परतले नाहीत. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात २६१ जणांना घेऊन उभी असलेली पी-३०५ ही बार्ज नांगर निसटून भरकटली आणि बुडाली. सुमारे सत्तर कष्टकऱ्यांचे प्राण गेले.

पृथ्वीवर साठत चाललेल्या अतिरिक्त उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्र शोषून घेत आहेत आणि अरबी समुद्रही तापतो आहे. तापलेला थर जाड झाला की लगाम ढिला होतो, हे आपण पाहिलेच. म्हणून कोकणाने यापुढे वादळ ही पूर्व किनाऱ्याची गोष्ट मानू नये.

किनाऱ्यावर राहणाऱ्या पालकांना शेवटी एवढेच सुचवावेसे वाटते. हैदराबादचे महासागर माहिती सेवा केंद्र उंच लाटांचा इशारा देते. तो मिळाला की आकाश निरभ्र असले तरी होड्या वर ओढून घ्याव्यात. वादळाच्या बातमीत ते कोठे येणार एवढेच ऐकून थांबू नये, आपण त्याच्या कोणत्या बाजूला आहोत आणि भरतीची वेळ कोणती, हेही पाहावे. शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना आणि एकट्या बायकांना आधी हलवावे.

ज्याने प्रश्न विचारला, त्या विद्यार्थ्याला मी दुसऱ्या आठवड्यात फळ्यावर आकृती काढून उत्तर दिले. सगळे ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "मग पुढच्या वेळी वादळ लांब असलं तरी आजीला वरच्या आळीत न्यायला पाहिजे." इतकी वर्षे शिकवून एवढे नेमके उत्तर माझ्या हाती क्वचितच आले असेल.